दांड्याची घट

त्याच्या सत्काराच्या बॅनरवर छत्तीस फोटो होते. मी मोजले. माझा एकतिसावा होता आणि खाली ‘मार्गदर्शक’ असं छापलं होतं. बॅनर आठ दिवस चौकात होता. शाळेत जाता-येता मी तो सोळा वेळा पाहिला. मधोमध त्याचा स्वतःचा फोटो, माणसाच्या दुप्पट उंचीचा, कमरेला विजेतेपदाचा पट्टा आणि पायात रबरी चप्पल. पट्टा स्वीकारायला तो चप्पल घालूनच रिंगमध्ये चढला होता. बॅनर करणाऱ्याने पायांवर फुलं टाकून चप्पल झाकायचा प्रयत्न केला होता, पण एक अंगठा बाहेर राहिलाच.

मी त्याचा मार्गदर्शक नव्हतो. ते काम नानांचं. नाना म्हणजे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आमचे बॉक्सिंगचे गुरुजी. मी त्याचं वजन करायचो, राउंडची वेळ लावायचो आणि दोन्हींची वही ठेवायचो. पोटापाण्यासाठी मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मोजणं हाताला बसलेलं आहे. त्याआधी मी स्वतः अकरा वर्षं बॉक्सिंग केलं. त्रेचाळीस लढती. एकवीस जिंकलो, बावीस हरलो. राज्य स्पर्धेला एकदा गेलो, पहिल्याच फेरीत बाहेर. हे आकडे मी आपणहून सांगत नाही, पण कोणी विचारले तर खरे सांगतो. त्याला आमच्या सरावाच्या शेडमध्ये पाऊल ठेवल्यापासून पहिल्या व्यावसायिक लढतीपर्यंत एकोणीस महिने लागले. माझे एकशे बत्तीस महिने तसेच गेले.

आमची शेड जळगावात, असोद्याच्या रस्त्याला. पूर्वी ते एका केळी व्यापाऱ्याचं गोडाऊन होतं. व्यापारी धंदा आवरून गेला आणि जमिनीवरचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा तिथेच सोडून गेला. काटा फुकटात मिळाला म्हणून नाना खूश. हा आला तोही त्या व्यापाऱ्यालाच शोधत. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरचा, तेवीस वर्षांचा, केळी कापणाऱ्या टोळीत घड वाहणारा. गाडी भरायचं काम आहे का विचारायला आला आणि गोडाऊनमध्ये माणसं एकमेकांना मारताहेत हे बघून दारातच थांबला. चाळीस मिनिटं उभा होता. मग नानांना हळूच म्हणाला, “आबा, यास्नं भांडन काय शे?”

नाना इतके हसले की त्यांनी गमतीने त्याच्या हातात ग्लोव्हज चढवले आणि त्याला माझ्यासमोर सोडला. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, पण रोज पिशवीवर सहा राउंड करणारा. तीन राउंडमध्ये मी शंभराच्या वर ठोसे मारले. चार लागले, त्यातले दोन हातावर. म्हणजे दोनच. त्याने मला एकही मारला नाही. नाना ओरडले, अरे मार ना. तर हा हात खाली सोडून त्यांना विचारतो, “भाऊनी मन्हं काय बिघाडेल शे?”

त्याच्या पायांचं रहस्य मला दोन महिन्यांनी कळलं. एका रविवारी तो मला टोळीचं काम दाखवायला मळ्यात घेऊन गेला. केळीच्या दोन ओळींमधून अठरा-वीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चालायचं. वर पानांचे देठ, त्यांना घड घासला की फळ काळं पडतं आणि परदेशी जाणाऱ्या मालातून बाद होतं. खाली ठिबकची नळी, तिच्यावर पाय पडायला नको. मधे चिखल. तो त्या ओळींतून जवळजवळ पळत होता, डोकं आणि खांदे सारखे इकडून तिकडे, आणि एक पान हललं नाही. दिवसाला दोनशेच्या वर खेपा, सात वर्षं. नाना जे आम्हाला खडूच्या रेघा मारून शिकवायचे, ते हा मजुरीवर शिकून आला होता. बॉक्सिंगबद्दल त्याचं एकच तत्त्वज्ञान होतं, तेही तिथलंच: “डोकं म्हंजे घड शे, भाऊ. तो कोठेच आपटाले नको.” पुढे मुलाखत घेणाऱ्यांनी त्याला डावपेचांविषयी विचारलं, तेव्हाही त्याने एवढंच सांगितलं. लोकांना ते फार आवडलं. मी अकरा वर्षांत डावपेचांच्या दोन वह्या भरल्या होत्या. त्या मला कोणी मागितल्या नाहीत.

त्याच्या सवयी सांगायच्या तर बऱ्याच होत्या. लढतीआधी तो झोपायचा. खोलीच्या कोपऱ्यात, फरशीवर, ग्लोव्हज उशाला घेऊन, वीस मिनिटं. घोरायचाही. मला लढतीच्या आधी दोन दोन रात्री झोप लागत नसे. राउंड किती झाले हे त्याला कधीच कळायचं नाही. प्रत्येक वेळी कोपऱ्यात येऊन मला विचारायचा, कितला ऱ्हायनात? एकदा मी दोन उरलेत म्हणालो आणि तो नाराज झाला. त्याला वाटलं होतं आत्ताच सुरू झालं. ठोसा नीट बसला की समोरच्याला विचारायचा, लागनं का? खरोखर काळजीने. पंचांनी दोनदा ताकीद दिली. नाना म्हणायचे, अरे, लागावं म्हणूनच मारतोय ना आपण. त्याला ते पटायचं आणि पुढच्या राउंडला पुन्हा विचारायचा. प्रेक्षकांना यात मनाचा मोठेपणा दिसे. मी घड्याळ लावून बसलेला असायचो. मला दिसे की एका राउंडमध्ये हा पाच-सहा सेकंद विचारपूस करण्यात घालवतो आणि तरीही जिंकतो.

राज्य निवड चाचणीच्या आधी, मार्गशीर्षात, तो पंधरा दिवस नाहीसा झाला. पाड्यावर डोंगऱ्या देवाचा उत्सव होता. नाना चिडले, मी मात्र आतून खूश होतो. वहीत पंधरा दिवसांसमोर मी लाल शाईने फुल्या मारल्या. पंधरा दिवस नाचून, उपास करून, अनवाणी डोंगर चढून तो परत आला, चाचणीत तीन लढती लढला आणि तिन्ही जिंकला. त्या फुल्या अजून वहीत आहेत.

त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. माझी सात पदकं काचेच्या कपाटात आहेत, दोन रौप्य, पाच कांस्य. दर दिवाळीला मी ती पुसतो. त्याची पदकं चाळणीच्या खिळ्याला टांगलेली होती. राज्य स्पर्धेचा मोठा कप त्याच्या आईने नागली, म्हणजे नाचणी, मोजायला घेतला होता. साडेतीन किलो बसते, तो मला कौतुकाने म्हणाला. मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजाऱ्याचा तागडी-काटा मागवून मोजली. तीन किलो दोनशे ग्रॅम भरली. त्याची आई मला म्हणाली की बाबा, तू चांगला माणूस दिसतोस, मग इतकं बारकाईने का बघतोस? त्याने हसत तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, मी तिला सांगितलं की भाऊंचा आकडा कधी चुकत नाही, म्हणूनच मला वजनाची काळजी नाही.

ते खरंच होतं. वजन हा एकच भाग असा होता की ज्यात त्याला माझी गरज होती. त्याचा गट एकसष्ट किलो दोनशे ग्रॅमचा. लढतीच्या आदल्या दिवशी त्याच्या आत भरायचं. किती खायचं, किती पाणी प्यायचं, केव्हा थांबायचं, हे सगळं मी ठरवायचो. तो ताटावर बसल्यावर माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की आणखी एक भाकरी घ्यायचा, नाही हलवली की उठायचा. कबूल करायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं.

पुण्याला त्याची पहिली व्यावसायिक लढत ठरली, सहा राउंडची. त्याच्या अकरा दिवस आधी मला काट्याची गोष्ट कळली.

शेडच्या भिंतीला गिलावा करायचा म्हणून नानांनी सिमेंट आणलं होतं. सीलबंद गोण्या, पन्नास किलोच्या. मी सवयीने एक काट्यावर टाकली. एकोणपन्नास. दुसरी टाकली, एकोणपन्नास. तिसरीही तेवढीच. मग मी शाळेतून येताना दवाखान्याच्या काट्यावर माझं वजन केलं आणि शेडमध्ये पुन्हा केलं. फरक तोच, शंभराला दोन. केळीच्या धंद्यात ही जुनी पद्धत आहे. घडाला दांडा असतो, दांडा खायचा नसतो, म्हणून व्यापारी वजनातून घट धरतो. शेतकऱ्याशी रोज तोंड वाजवायला नको म्हणून आमच्या व्यापाऱ्याने ती घट काट्यातच बसवून घेतली होती. आकडा दिसायचा तोच दांडा वजा होऊन. व्यापारी गेला, पण काटा अजून प्रत्येकाचा दांडा कापत होता. माझाही आणि त्याचाही.

हौशी स्पर्धांत हे कधी उघडं पडलं नाही, कारण तेव्हा तो गटाच्या मर्यादेच्या बराच खाली असायचा. आता मी त्याला बरोबर काठावर आणून ठेवला होता. वहीत त्या दिवशी एकसष्ट किलो आठशे होते. अकरा दिवसांत सातशे-आठशे ग्रॅम उतरवायचे, असा माझा आराखडा. खरं वजन त्रेसष्ट होतं. आराखडा बदलायला अकरा दिवस पुष्कळ होते.

मी बदलला नाही. कोणाला काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मनाशी म्हटलं, उद्या आणखी एकदा खात्री करून घेऊ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दवाखान्याचाच काटा चुकीचा असेल. तिसऱ्या दिवसापासून मी मनाशी काही म्हणणं बंद केलं. रोज संध्याकाळी तो काट्यावर चढायचा, मी आकडा वाचायचो आणि वहीत लिहायचो. जो दिसला तोच लिहिला. खोटा आकडा मी आयुष्यात लिहिलेला नाही.

मला काय हवं होतं, हे नीट सांगायचं तर, त्याचं वाईट व्हावं असं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्याचं काहीतरी अडावं एवढंच होतं. एकोणीस महिन्यांत त्याचं काहीच अडलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आमच्या काट्यावर साठ किलो नऊशे. नाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुझ्यासारखा माणूस सोबत असला की झालं. पुण्याला काट्यावर चढला तेव्हा बासष्ट किलो तीनशे भरले. अकराशे ग्रॅम जास्त. अधिकाऱ्याने दोन तास दिले. तेवढ्यात उतरलं नाही तर लढत रद्द, आणि पहिल्याच वेळी वजन चुकवणाऱ्याला पुन्हा कोण बोलावतो?

नाना माझ्याकडे वळले. ते काही बोलायच्या आत हा काट्यावरून उतरला आणि माझ्यासमोर येऊन त्याने दोन्ही कान धरले.

“भाऊ, मन्हामुये तुमना आकडा चुकना,” तो म्हणाला. “वाटमा दोन केया खाद्यात मी. तुमले सांगं नही.”

दोन केळी. सालं काढून फार तर दोनशे चाळीस ग्रॅम. अकराशेतून ते गेले तरी आठशे साठ उरतात. हा हिशेब मी तो बोलत असतानाच केला. नानांनी केला नाही. ते त्याच्या अंगावर इतके ओरडले की शेजारचे बॉक्सर बघायला लागले. तो मान खाली घालून उभा होता. मग नाना मला म्हणाले, तू तरी काय करणार. मी म्हणालो, “असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेव.” हे त्याला म्हणालो.

तो आपलं सामान नेहमी घडावर घालायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणायचा. ती त्याने रिकामी केली, डोक्यासाठी एक आणि हातांसाठी दोन भोकं पाडली, अंगात चढवली, वरून दोन सदरे घातले आणि बाहेर डांबरी अंगणात दुपारच्या उन्हात दोरी उड्या मारायला लागला. मी घड्याळ घेऊन शेजारी उभा होतो. तासाभराने पिशवीच्या कडेतून पाणी ठिबकायला लागलं. ओठ पांढरे पडले. मला विचारायचा, कितला ऱ्हायनात? मी मधे मधे त्याला काट्यावर चढवून ग्रॅममध्ये सांगायचो. मुदत संपायला चार मिनिटं असताना तो बरोबर एकसष्ट किलो दोनशेवर आला. खाली उतरला आणि तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी लढतीआधी तो झोपला नाही, नुसता भिंतीला टेकून डोळे मिटून राहिला.

पहिले तीन राउंड तो नेहमीसारखा खेळला. चौथ्यात त्याचे पाय गेले. ज्याचं डोकं मी शंभर ठोशांत गाठू शकलो नव्हतो, त्याच्या कानशिलावर एक साधा डावा ठोसा बसला आणि तो खाली पडला. पंच मोजायला लागले. मीही मोजत होतो. खरं लिहायचं तर, पाचापर्यंत मला बरं वाटत होतं. सहाला त्याची मान एका बाजूला कलली आणि मी मोजायचं थांबलो. आठाला तो उठला. उरलेले दोन राउंड त्याने कसे काढले ते त्यालाही आठवत नाही. एका गुणाने जिंकला. उतरल्यावर माझ्या पाया पडायला आला, तुमचं ऐकलं नाही म्हणून हे झालं म्हणाला. नानांनी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं की हे कायम लक्षात ठेव.

त्याने ते लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून तो केळं खात नाही. पुढे सलग नऊ लढती जिंकला आणि अडीच वर्षांत कमरेला पट्टा बांधून आला. जळगावला परतल्यावर मी पहिल्याच आठवड्यात काटेवाल्याला बोलावून काटा दुरुस्त करून घेतला. नानांना सांगितलं, बॅटरी गेली होती. त्यानंतर त्याचं वजन कधी चुकलं नाही. ते त्याने केळं सोडल्यामुळे, असं सगळे मानतात. आमच्या शेडमधली सात पोरं आता लढतीच्या आधी महिनाभर केळं तोंडात घालत नाहीत. जळगावात राहून. एकाचा बाप यावलचा केळीवाला, तो नानांशी भांडून गेला.

सत्काराच्या सभेत त्याने ही गोष्ट माइकवरून सांगितली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत होती. तो म्हणाला की माणसाने आपली चूक कबूल केली की पुढचा रस्ता सोपा होतो, हे मला भाऊंनी शिकवलं. मग दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला. बायकोने पुरण केलं होतं, आणि जेवण झाल्यावर तिने बशीत केळी ठेवली. त्याने हात जोडले आणि तिला ती सगळी गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “यांचं मोजमाप मला सांगू नका. डाळीत मीठसुद्धा चमचा बोटाने सपाट करून घालतात.”

मला तेव्हा त्याचा जितका हेवा वाटला, तितका पट्ट्याचा वाटला नव्हता. न केलेली चूक पोटाशी धरून हा माणूस एवढा वर गेला होता, आणि माझी केलेली चूक मला कपाटातही ठेवता येत नव्हती.

मी म्हणालो, काटा शंभराला दोन कमी दाखवायचा. केळीवाल्याने दांड्याची घट त्यात बसवली होती. मला ते अकरा दिवस आधी माहीत होतं.

बायको बशी धरून उभीच राहिली. त्याला वाटलं मी त्याची समजूत घालतोय; तो हसून म्हणाला, जाऊ द्या भाऊ. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मी आतून वही आणली. अकरा दिवसांचं पान उघडलं, आकडे दाखवले, तीन गोण्यांचे आकडे समासात लिहिलेले होते तेही दाखवले. त्याला वाचता येतं, पण सावकाश. त्याने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं.

“मंग त्या दिन केयास्नी चूक नव्हती,” तो म्हणाला.

“नव्हती. ती नसती खाल्ली तरी आठशे साठ ग्रॅम जास्त होतास.”

“आनि तुमले मालूम व्हतं.”

“होतं.”

का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होतो, तयारी केली होती. त्याने बशीतलं एक केळं उचललं, सोललं आणि खाल्लं. घाई न करता, आमच्या दोघांकडे न बघता. मग दुसरं खाल्लं. सालं एकात एक ठेवून बशीत ठेवली. बायकोला म्हणाला, अक्का, पुरण चांगलं होतं. तिच्या पाया पडला. माझ्याकडे वळला आणि नुसतीच मान हलवली, ताटावर बसल्यावर मी त्याला हलवायचो तशी नाही, दुकानात ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. बाहेर जाऊन चप्पल घातली.

त्याला आता आठ महिने झाले. बायकोने हा विषय एकदाही काढला नाही, मीही नाही. नाना विचारतात, त्याचा फोन येतो का. मी म्हणतो, तो कामात असतो. शेडमधल्या सात पोरांना मी केळी खायला सांगितली, पण ती माझं ऐकत नाहीत.

या आठ महिन्यांत तो दोन लढती खेळला, दोन्ही जिंकला. पेपरात बातम्या आल्या, त्या मी कापून ठेवल्या आहेत. दोन्ही वेळा वजन पहिल्याच खेपेला बसलं, असं लिहिलं आहे. एकदा एकसष्ट शंभर, एकदा एकसष्ट दोनशे. वजन कोणी केलं, ते लिहिलेलं नाही.